हेवन विहिरीतला फेस

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातला पीझ हा हवाई दलाचा तळ १९९१ मध्ये बंद झाला. बॉम्बफेकी विमानं गेली. त्या जागी कंपन्या, कार्यालयं, अगदी पाळणाघरंही आली. पिण्याचं पाणी मात्र तळाच्याच जुन्या विहिरींचं. इथल्या जमिनीत इंधन आणि यंत्रं धुण्याची द्रावकं मुरली आहेत हे सरकारला ठाऊक होतं, त्यांची सफाईही सुरू होती. पण 'हेवन' विहिरीचं पाणी पीएफओएस या रसायनासाठी तपासलं गेलं ते थेट २०१४ मध्ये. लिटरमागे सुमारे २,५०० नॅनोग्रॅम! तेव्हाची सल्ल्यापुरती मर्यादा होती २००. विहीर लगेच बंद झाली.

हे रसायन आलं आग विझवण्याच्या फेसातून. पेटलेल्या विमान-इंधनावर नुसतं पाणी मारून भागत नाही. पाणी तळाशी जातं आणि इंधन वर तरंगत जळत राहतं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने १९६०च्या दशकात थ्रीएम कंपनीबरोबर असा फेस बनवला, की त्यातलं पाणी इंधनावर पातळ पापुद्र्यासारखं पसरतं आणि हवा तोडतं. १९६७ मध्ये 'फॉरेस्टल' या विमानवाहू जहाजावरच्या आगीत १३४ जण मेले, त्यानंतर या फेसाची निकड कुणाला पटवावी लागली नाही. त्याने जीव वाचवले, हे मान्यच. पण खरी आग क्वचित लागते, सराव मात्र कायम चालतो. खड्ड्यात इंधन पेटवायचं, फेस मारायचा, उरलेलं जमिनीत जिरू द्यायचं. अशी वर्षानुवर्षं.

पीएफओएस म्हणजे कार्बनची साखळी आणि तिला चिकटलेले फ्लोरीनचे अणू. हा बंध इतका घट्ट, की जमिनीतले जिवाणू किंवा ऊन त्याला सहजी तोडू शकत नाहीत. साखळीचं एक टोक पाण्यात रमणारं, त्यामुळे ते भूजलाबरोबर दूरवर जातं. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ उडते, रसायन मागे राहतं, म्हणजे उलट थोडं दाटच होतं. शरीरात ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि निम्मं बाहेर पडायलाच काही वर्षं लागतात. पाळणाघरातल्या मुलांच्या पालकांनी आग्रह धरल्यावर २०१५ मध्ये रक्ततपासण्या सुरू झाल्या. या कुळातल्या रसायनांचा संबंध वाढलेलं कोलेस्टेरॉल, लसीला मिळणारा कमी प्रतिसाद आणि मूत्रपिंडाचा कर्करोग यांच्याशी आढळला आहे. अमुक माणसाचा आजार याच पाण्यामुळे झाला, हे सिद्ध करणं मात्र फार अवघड.

मला जास्त अस्वस्थ करतात ते मर्यादेचे आकडे. २०० ची मर्यादा २०१६ मध्ये ७० झाली (त्यात पीएफओए हे भावंडही धरून), आणि २०२४ मध्ये दोघांसाठी प्रत्येकी ४, तीही कायद्याने बंधनकारक. काल 'चालेल' म्हटलेलं पाणी आज चालत नाही, आणि दरम्यान ते पिऊन झालेलं असतं.

हेवन विहीर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता तिचं पाणी रेझिन (रसायनं धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे बारीक मणी) आणि सक्रिय कोळसा यांतून जातं. ही रसायनं त्यात अडकतात, नष्ट होत नाहीत; भरलेला कोळसा बदलावा लागतो आणि पुढे प्रचंड तापमानाला न्यावा लागतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचंही तेच आहे. त्याचा पडदा ही रसायनं बऱ्यापैकी अडवतो, पण अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून मोरीत उतरतं.