आठ तास लाइन, दोन तासांची विहीर

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत, ही घोषणा झाल्यापासून चर्चा फक्त बिलाची. बिल सुटलं ते चांगलंच झालं. पण यवतमाळ-वाशिमकडच्या दोन-तीन एकरवाल्याचं ओलित बिलापेक्षा विहिरीशी जास्त अडतं.

वीस फूट व्यासाची विहीर घ्या. तिच्यातलं एक मीटर पाणी म्हणजे साधारण २९ हजार लिटर. पाच एचपीची धड मोटर पन्नास फुटांवर तासाला चाळीस हजारांच्या आसपास पाणी फेकते. तीन मीटर पाणी असेल तर दोन-सव्वादोन तासांत फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) उघडा पडतो. लाइन, म्हणजे वीज, आठांपैकी आणखी सहा तास आहे, पण उपसायचं काय?

आपल्याकडचा बराचसा खडक बेसाल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचे थर. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. असा एक घनमीटर खडक गळून १० ते ३० लिटरच पाणी देतो.

आता खरी गंमत. झऱ्यांचा जोर ठरतो तो बाहेरच्या भूजलाची पातळी आणि विहिरीतली पातळी यांच्या फरकावर. उपसलेल्या विहिरीत पाणी धावत येतं, अर्ध्या भरलेलीत निम्म्या जोराने, आणि बाहेरच्या पातळीला आली की जवळपास थांबतं. समजा निम्मी विहीर सहा तासांत भरते. उरलेल्याच्या निम्मी पुढच्या सहा तासांत, म्हणजे बारा तासांत ७५ टक्के. चोवीस तासांत? जेमतेम ९४. एकदाच उपसलं तर दिवसाला ९४ टक्के मिळतात; बारा-बारा तासांनी दोनदा उपसलं तर ७५ अधिक ७५, म्हणजे दीडशे! वीज दीडपटीहून थोडी जास्त लागते, तासांची चैन मात्र लागत नाही.

लाइन मात्र सलग येते, आणि ती रात्रीची पाळी असेल तर हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन साप-विंचवांतून वावरात जातो. ज्यांना ते नको ते मोटर ‘ऑटो’वर टाकतात. मग लाइन येताच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, आणि वाइंडिंग जळण्याची पाळी ज्याची मोटर सगळ्यात लांब त्याच्यावर.

या हिशेबात सौरपंप बसतो. तीन एचपीचा पंप दिवसा ऊन असेल तसा चालतो, विहीर सावकाश उतरते आणि झरे दिवसभर वाहते राहतात. पण दीडशे टक्के हे पाणी आकाशातून पडत नाही, ते शेजारच्या खडकातलंच असतं. शेजाऱ्याचा तीनशे फूट बोअर फुकट विजेवर त्याच भेगा उपसत असेल, तर फेब्रुवारीत तुमची विहीर दिवसातून दोनदा काय, एकदाही भरणार नाही.