किनारा सुरक्षा व आपत्कालीन सिद्धतेचा सरकारी निधी (कोकण)

झाई-बोर्डीपासून रेडीपर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर समुद्रमार्गे होणारी घुसखोरी, चक्रीवादळ, पूर, दरड आणि साथीचे रोग यांना तोंड देण्याची तयारी राहावी म्हणून केंद्र, राज्य आणि जिल्हा या तीन पातळ्यांवरून येणारा सार्वजनिक पैसा. या नावाचा एकच निधी कुठल्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. गृह, संरक्षण, महसूल, आरोग्य, मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा अशा अनेक खात्यांच्या लेखाशीर्षांत, म्हणजे खर्च मांडायच्या वेगवेगळ्या रकान्यांत, तो विखुरलेला असतो. किनारा मात्र एकच आहे, परंपरेने ७२० किलोमीटरचा मोजला जाणारा. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सात जिल्ह्यांतून तो जातो.

या विखुरलेपणाचे मूळ राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीप्रमाणे संरक्षण हा केंद्राचा विषय. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि मासेमारी हे राज्याचे. म्हणून तटरक्षक दलाचे जहाज संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते, सागरी पोलिसांचा पगार राज्य देते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची डागडुजी जिल्हा परिषदेकडे असते. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द तर कुठल्याच सूचीत नाही. संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ केला तो समवर्ती सूचीतील सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन.

किनारा राखायचा तर पैसा समुद्रातूनच उभा करायचा, ही जुनी रीत. पोर्तुगीज आपल्या कार्ताझ या परवान्याशिवाय जहाजे फिरू देत नसत. कान्होजी आंग्र्यांनी (मृत्यू १७२९) त्यावर आपले दस्तक सुरू केले. दस्तक घेतलेल्या जहाजाला अभय, न घेतलेल्यावर जप्ती. आरमाराच्या खर्चाला या उत्पन्नाचा हातभार लागे. साथीच्या बाबतीतला पहिला मोठा धडा मुंबईचा. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग अधिनियम झाला. हा कायदा अवघ्या काही कलमांचा, अधिकार देणारा. पैसा कुठून आणायचा याची व्यवस्था त्यात नव्हती. १२३ वर्षांनी कोविडच्या वेळी महाराष्ट्राने हाच कायदा पुन्हा बाहेर काढला.

सागरी सुरक्षेचा पैसा

कोकणात हा पैसा दोन हादऱ्यांनंतर आला. जानेवारी १९९३मध्ये रायगडातील दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला चोरटा माल उतरला. शस्त्रे आणि आरडीएक्स याच वाटेने आत आले आणि १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले. पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातील काही जण या प्रकरणात पुढे दोषी ठरले. त्याच वर्षी महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. खोल समुद्रात नौदल, प्रादेशिक जलधीत तटरक्षक दल, तर उथळ पाण्यात नौदल, पोलीस आणि सीमाशुल्क यांची संयुक्त गस्त अशी तिहेरी रचना होती. उथळ पाण्यातली गस्त भाड्याच्या ट्रॉलरांवरून चाले. राज्याकडे स्वतःच्या बोटीच नव्हत्या म्हणून मच्छीमारांच्या घेतल्या. या तोडग्याला कोणी फारसे वाखाणत नाही, पण खाडीचे तोंड, खडप आणि ओहोटीचे पाणी ओळखणारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्या भाड्यात आपोआप मिळत असे.

‘तटीय सुरक्षा योजना’ २००५मध्ये मंजूर झाली. पहिल्या टप्प्यात नऊ किनारी राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांसाठी ७३ सागरी पोलीस ठाणी, ९७ तपासणी नाके, ५८ चौक्या आणि २०४ बोटी ठरल्या. अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चाला ४०० कोटी, आवर्ती (चालू) खर्चाला १५१ कोटी रुपये. योजना चालू असतानाच २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री ‘कुबेर’ ही गुजरातची बोट बळकावून आलेले दहा जण कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. फेब्रुवारी २००९मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली गेली. दीपगृहांच्या आसऱ्याने किनारी रडारांची साखळी उभी राहिली. या साखळीच्या पहिल्या टप्प्यात देशभरात ४६ रडार ठाणी. तटीय योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल २०११पासून १,५७९.९१ कोटींचा होता, पैकी अनावर्ती १,१५४.९१ कोटी आणि आवर्ती ४२५ कोटी. तो ३१ मार्च २०२० रोजी संपला. पुढचा चालू खर्च राज्यांच्या गळ्यात पडला.

अनावर्ती आणि आवर्ती हे शब्द रुक्ष वाटले तरी गोम त्यांच्यातच आहे. अनावर्ती म्हणजे एकदाच होणारा खर्च: इमारत, जेट्टी, वेगवान बोट. आवर्ती म्हणजे डिझेल, इंजिनाची दुरुस्ती, खलाशी, सारंग, प्रशिक्षण. दोन्ही टप्प्यांत पहिल्याला दुसऱ्याच्या अडीचपटीहून अधिक पैसा मिळाला. खाऱ्या हवेत इंजीन एका मोसमातच गंज धरते, हे मांडव्यापासून निवतीपर्यंत कोणीही सांगेल. बोट विकत घेताना कोनशिला बसते, फोटो निघतात; तिच्या गिअरबॉक्ससाठी पुरवणी मागणीची वाट पाहावी लागते. सागरी पोलिसांत नेमलेला शिपाईही मुळात जमिनीवरचा, आणि बोट चालवणारी माणसे कंत्राटी. दिल्लीचा पैसा वस्तू आणतो, ती वापरण्याचा खर्च मुंबईने करायचा, अशी ही वाटणी आहे.

मच्छीमारांसाठीचा एक खर्च या चौकटीच्या बाहेरचा आहे. २० मीटरपेक्षा लहान बोटींवर उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर बसवण्याची ३६४ कोटींची योजना प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून आखली गेली. देशभरात एक लाख बोटींचे लक्ष्य आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तिचा आरंभ पालघरमध्ये झाला, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात. यंत्र बोटमालकाला फुकट मिळते. मोबाइलची रेंज सुटल्यावरही त्यावर वादळाची सूचना येते आणि संकटात संदेश पाठवता येतो. बोट कुठे आहे हे सरकारलाही कळते. सुरक्षा आणि जीवरक्षण एकाच खर्चात साधण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. मत्स्यव्यवसाय खाते इथे गृहखात्याचेही काम करून जाते.

आपत्तीचा पैसा

राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा या व्यवस्थेचा कणा. महाराष्ट्रात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. रक्कम वित्त आयोग ठरवतो. २०२०-२१ साठी महाराष्ट्राच्या वाट्याला ४,२९६ कोटी रुपये आले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी नवी विभागणी केली. रुपयातले ४० पैसे तातडीच्या मदतीला, ३० पुनर्उभारणीला, १० पूर्वतयारीला आणि २० पैसे सौम्यीकरणाला, म्हणजे संकटाची धारच बोथट करणाऱ्या कामांना. आधीच्या काळात जवळजवळ सगळा भर घटनेनंतरच्या वाटपावर असे, म्हणून पूर्वतयारी आणि सौम्यीकरणाचे मिळून हे ३० पैसेही मोठे पाऊल मानावे लागते.

या निधीचे दार ठरावीक आपत्तींनाच उघडते: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला आणि थंडीची लाट. साथीचा रोग या यादीत नाही. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोविडला या निधीपुरती आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. विलगीकरण, नमुने गोळा करणे, प्रयोगशाळेची साधने यांवर खर्च करता येऊ लागला, तोही ठरावीक टक्क्यांच्या मर्यादेत. ही मर्यादा पुढे सप्टेंबरात ५० टक्क्यांपर्यंत वाढवली गेली.

मग ३ जून २०२०. अलिबागच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ धडकले, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुंबईहून आलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत विलगीकरणात होते आणि वादळात निवाऱ्याला द्यायच्या त्या याच शाळा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातून रुग्ण हलवावे लागले. एका निधीवर दोन संकटांनी एकाच पंधरवड्यात हात टाकला. राज्याने तातडीची मदत म्हणून रायगडला १०० कोटी, रत्नागिरीला ७५ कोटी आणि सिंधुदुर्गाला २५ कोटी जाहीर केले.

खरी ओरड पंचनाम्यांनंतर झाली. केंद्राच्या निकषाप्रमाणे फळबागेला हेक्टरी १८,००० रुपये मिळत. राज्याने ते ५०,००० केले. आकडा बरा दिसतो. पण श्रीवर्धन, मुरूड, दापोली, गुहागरकडची नारळ-सुपारीची बाग हेक्टरात मोजतच नाहीत, गुंठ्यांत मोजतात. हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे; म्हणजे गुंठ्याला सुमारे ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या आगरात आजोबांनी लावलेल्या पोफळी आडव्या झालेल्या, वाटेतली झाडे तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त, आणि हाती पाच हजार. सातबारावर दहा-बारा हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत. संमतिपत्र कोणाचे घ्यायचे हा तलाठ्यापुढचा पेच वेगळाच. पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत द्यायचा निर्णय झाला. देशावरच्या सलग शेतीला समोर ठेवून केलेले निकष कोकणात येऊन कसे अडतात, त्याचा हा ढळढळीत नमुना. पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५,१०० वरून दीड लाखावर नेली गेली. वीज मात्र कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे आली नाही.

वर्षभरात ‘तौक्ते’ (मे २०२१) किनाऱ्याला घासून गेले. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुराखाली गेले आणि महाड तालुक्यात तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळुणात एका कोविड रुग्णालयात पुराचे पाणी शिरून वीज गेली आणि तिथल्या काही रुग्णांचा मृत्यू झाला. महापूर आणि महासाथ यांची लेखाशीर्षे वेगळी असली तरी रुग्णालयाचा जनरेटर एकच असतो आणि तो तळमजल्यावर असतो. वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी पुढे चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावे लागले.

सौम्यीकरणाची कामे कोकणात नवी नाहीत. खाडीकाठची शेती भरतीपासून वाचवणारे खारबंधारे पिढ्यान्‌पिढ्या गावकरीच श्रमदानाने बांधत. सरकारने ते काम १९४८च्या आणि पुढे १९७९च्या खारभूमी कायद्याने आपल्याकडे घेतले. गावकी मागे सरली, खात्याचे अंदाजपत्रक पुढे आले आणि बंधाऱ्याला भगदाड पडले की टिकाव-घमेल्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका सौम्यीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२०१५, एकूण २,३६१.३५ कोटी, मोठा भाग जागतिक बँकेचे कर्ज) महाराष्ट्रासह सहा राज्ये होती. अलिबागेत भूमिगत वीजवाहिन्या त्यातूनच आल्या. २०२१नंतर राज्याने कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प हाती घेतला.

आरोग्य सिद्धतेचा पैसा

कोविड आला तेव्हा रत्नागिरी व सिंधुदुर्गात तपासणीची प्रयोगशाळा नव्हती. नमुने घाटावर जात आणि अहवालाची वाट पाहण्यात दिवस जात. जून २०२०मध्ये दोन्ही जिल्ह्यांत प्रयोगशाळा झाल्या. त्याआधी एप्रिलमध्ये केंद्राने १५,००० कोटींचे आपत्कालीन आरोग्य पॅकेज मंजूर केले होते, जुलै २०२१मध्ये २३,१२३ कोटींचे दुसरे आले आणि २५ ऑक्टोबर २०२१ रोजी ६४,१८० कोटींचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत अभियान सुरू झाले. ते जिल्हा पातळीवर अतिदक्षता विभाग आणि प्रयोगशाळा उभारण्यासाठी होते. याच सुमारास अलिबाग आणि सिंधुदुर्ग येथे, मग रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. इमारती झाल्या, डॉक्टर मुंबई-पुण्याला पाठ दाखवून इथे राहतील का, हा प्रश्न आवर्ती खर्चाचाच दुसरा अवतार आहे.

कोकणाला खरी गरज छोट्या, दरवर्षी येणाऱ्या साथींच्या तयारीची आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६पासून माकडताप दिसू लागला, पुढे बांदा-सावंतवाडीकडे सरकला. गोचिडीमुळे होणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात येतो, बागायतदार आणि मजूर पालापाचोळ्यात असतात तेव्हा. भातलावणीच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिस. यांतला कुठलाच रोग आपत्तीच्या यादीत नाही. त्यामुळे गोचीड प्रतिबंधक तेल असो की डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, सगळे आरोग्य खात्याच्या नेहमीच्या तरतुदीतून निघायचे.

जिल्ह्याची तिजोरी

जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. त्यांच्या हाती सर्वांत लवचिक पैसा जिल्हा वार्षिक योजनेचा. तो पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीतून जातो आणि रुग्णवाहिका, गस्तीचे सामान, धूपप्रतिबंधक बंधारा असे काहीही त्यातून होऊ शकते. कोविडकाळात त्याचा मोठा भाग आरोग्याकडे वळवला गेला. अडचण कॅलेंडरची आहे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा या वाटेने पैसा फेब्रुवारी-मार्चात मोकळा होतो. ३१ मार्चला न खर्चलेला परत जातो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. बांधकामाला हाती उरतात दोन-अडीच महिने, त्यात मे महिन्यात मजूर गावाला. अगदीच अडले तर राज्याचा आकस्मिकता निधी आहे. त्याची कायम मर्यादा १५० कोटी, गरजेप्रमाणे अध्यादेशाने तात्पुरती वाढवली जाते.

या सगळ्या हिशेबात सागर रक्षक दल जवळजवळ दिसतच नाही. किनाऱ्यावरच्या गावांतले हे स्वयंसेवक, बहुतेक मच्छीमार. ‘सागर कवच’ या किनारा सुरक्षेच्या कवायतीत त्यांना बोलावले जाते. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली. ओमानजवळ सोडून दिलेली एका परदेशी मालकाची ती नौका वाहत आली होती, घातपाताचा हेतू नव्हता. रडार, वेगवान बोटी, जेट्ट्या असा सगळा अनावर्ती खर्च झालेला असताना ती थेट किनाऱ्याला लागली आणि खबर पोचली ती स्थानिक माणसांकडून. संशयास्पद बोट दिसली तर सागरी पोलिसांना १०९३ आणि समुद्रात कोणी अडकले तर तटरक्षक दलाला १५५४ हे क्रमांक लावायचे असतात. दोन्ही बंदराबंदरावर रंगवलेले दिसतात.