साइट शिळी झालीय की मोडलीय?

'आमची वेबसाइट जरा अपडेट करून द्या' असं मालक म्हणतो तेव्हा त्याची तक्रार दोनपैकी कुठलीही असू शकते. पहिली मजकुराची: रेट जुने, फोटो जुने, बंद पडलेल्या लँडलाइनचा नंबर अजून तसाच. दुसरी ब्राउझरची, म्हणजे क्रोम-सफारीसारख्या साइट उघडणाऱ्या ॲपची: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झकास दिसणारी साइट गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर अर्धीच उघडते, मेनू मजकुरावर चढतो, 'पाठवा'चं बटण दाबलं तरी काही होत नाही. पहिलीत साइट शिळी असते, दुसरीत मोडकी. शिळ्या साइटला नवं डिझाइन चढवलं तरी आतले रेट जुनेच राहतात. मोडक्या साइटवर दर आठवड्याला नवा लेख टाकला तरी फॉर्म जात नाही तो नाहीच जात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत छोट्या धंद्यांचा पैसा बऱ्याचदा याच घोळात जातो. दुखणं एक आणि बिल दुसऱ्याच औषधाचं.

ओळखायची खूण तशी साधी आहे. चूक सगळ्यांना दिसते, की काहींनाच? वेरूळजवळच्या एखाद्या लॉजच्या साइटवर खोलीचा दोन वर्षांपूर्वीचा भाव असेल, तर तो क्रोमवाल्यालाही दिसतो आणि सफारीवाल्यालाही. हा मजकुराचा दोष. त्याच लॉजचं बुकिंगचं कॅलेंडर अँड्रॉइडवर बरोबर चालतं आणि एखाद्या जुन्या आयफोनवर मात्र तारखेच्या जागी 'इनव्हॅलिड डेट' (तारीख चुकीची) येतं, तर दोष कोडचा. कोड लिहिणाऱ्याने तारीख आणि वेळ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा सोडलेली असते. क्रोम ते चालवून घेतो, जुना सफारी घेत नाही. मालकाकडे अँड्रॉइड, डेव्हलपरकडे क्रोम, त्यामुळे दोघांनाही ही चूक कधी दिसतच नाही.

यात एक तोतयाही असतो. रेट बदलला, मालकाला नवा दिसतो, गिऱ्हाइकाला जुनाच. काहींनाच दिसतंय म्हणजे ब्राउझरचा घोटाळा, असं वाटतं. पण हे काम बहुतेक वेळा कॅशचं असतं, म्हणजे पानाची आधी साठवलेली प्रत पुन्हा दाखवली जाते. गिऱ्हाइकाला तेच पान इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे आधी साठवलेलं काही न वापरणाऱ्या खाजगी खिडकीत उघडायला सांगा. तिथे नवा रेट दिसला तर फोनमधली जुनी प्रत आडवी आली होती. तिथेही जुनाच दिसला तर होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या कॉम्प्युटरवर (सर्व्हरवर) साइट ठेवलीय त्याला, सर्व्हरवरची कॅश साफ करायला सांगा. एवढ्यासाठी नवी साइट करायला निघालेले लोक आहेत, म्हणून हे सांगितलं.

दुसरी खूण फोनची. शिळ्या मजकुराची तक्रार येते. 'अहो, साइटवर तर कमी लिहिलंय' असं म्हणत गिऱ्हाईक भांडतं, निदान विचारतं तरी. मोडक्या साइटची तक्रार येत नाही. बटण चाललं नाही की माणूस मागे जातो आणि गुगलमधलं पुढचं नाव उघडतो. म्हणून माझं मत असं, की दोन्ही दुखणी एकदम असतील तर पैसा आधी मोडकेपणावर घाला. शिळेपण निदान कळतं तरी, आणि ते घरच्या घरी निघतं.

आता शिळं म्हणजे काय ते मराठवाड्याच्याच हिशेबाने बघू. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. कित्येक साइटवर वरच्या पट्टीत नवं नाव, संपर्काच्या पानावर जुनं आणि नकाशाच्या पट्टीत तिसरंच काहीतरी अशी खिचडी आहे. पत्ता सगळीकडे नवा करा, पण मजकुरात कुठेतरी एकदा जुनं नावही राहू द्या. बाहेरगावचा पर्यटक किंवा पुण्यातला खरेदी अधिकारी अजूनही जुन्या नावाने शोधतो. 'कसे याल' हे पान तर बहुतेकांनी साइट झाल्यापासून उघडलेलंच नसतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो रस्ता मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. जालना आणि संभाजीनगर त्यावरच आहेत, तरी हॉटेलांच्या साइटवर मुंबईहून यायला जुन्याच रस्त्याचे जुनेच तास.

वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या कारखान्यांचा नमुना वेगळा. 'आमच्याविषयी' पानावर आयएसओ ९००१:२००८ चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र मोठ्या डौलात झळकत असतं. ही आवृत्ती मागे पडून २०१५ ची आली, आणि २००८ च्या प्रमाणपत्रांची मुदत सप्टेंबर २०१८ मध्येच संपली. मालकाकडे नवं प्रमाणपत्र असतंही, पण ते केबिनच्या भिंतीवर. कोटेशनच्या अटींत 'व्हॅट व एक्साइज वेगळे' हे वाक्यही सापडतं, त्या करांच्या जागी जीएसटी जुलै २०१७ ला लागू झाला तरी. मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग हे वाचतो तेव्हा इथली माणसं अजून धंद्यात आहेत का, अशी शंका घेतो.

पण जुनं ते सगळंच शिळं नसतं, आणि इथे 'दर आठवड्याला नवा कंटेंट हवा' म्हणणारे सल्लागार लोकांना कामाला लावतात. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. लॉजच्या साइटवर ही ओळ कित्येक वर्षं तशीच असली तरी चालेल, उलट ती नसली तर गिऱ्हाइकाचा दिवस फुकट जातो. पैठणीचा पदर कसा विणतात हे एकदा नीट लिहिलं की झालं. लातूरच्या आडत्याचा सोयाबीनचा भाव मात्र संध्याकाळपर्यंत शिळा होतो, आणि 'नीट' परीक्षेच्या क्लासचं प्रवेशाचं पान एका हंगामात. प्रत्येक पानाला त्याची मुदत असते, ती बघून तारीख ठरवावी. रोज भाव टाकायला माणूस नसेल तर भावाचं पान ठेवूच नये. मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छांचा बॅनर संक्रांतीपर्यंत लटकत ठेवण्यापेक्षा तो न लावलेला बरा. आणि मजकूर तोच ठेवून नुसती वरची तारीख बदलायची युक्ती गुगलपुढे चालत नाही. आपल्या मार्गदर्शनात गुगलने ती गोष्ट करू नये म्हणून स्पष्ट नोंदवली आहे.

ब्राउझरची बाजू समजायला आत डोकवावं लागतं. नावं दहा दिसली तरी पान रंगवणारी इंजिनं मुख्यतः तीन आहेत: क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंगचा ब्राउझर यांच्या पोटात ब्लिंक, सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं, ॲपलचा नियमच तसा आहे. त्यामुळे 'मी क्रोममध्ये तपासलं' हे वाक्य आयफोनच्या बाबतीत काही सिद्ध करत नाही. नवी सोय एका इंजिनात आधी येते, दुसऱ्यात मागून. वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारचे फोटो सफारीत २०२० पासून दिसायला लागले. त्याआधीचं सॉफ्टवेअर असलेल्या फोनवर साड्यांच्या फोटोंच्या जागी नुसती मोकळी चौकट. पूर्ण पडद्याच्या उंचीचं पान केलं की आयफोनवर खालचं 'व्हॉट्सअॅप करा' बटण पत्त्याच्या पट्टीमागे दडतं, हा तर नेहमीचा प्रकार.

मोबाइलवर बसणं आणि सगळ्या ब्राउझरमध्ये चालणं यांतही लोक गफलत करतात. पहिलं पडद्याच्या रुंदीचं, दुसरं इंजिनाचं. कॉम्प्युटरवर क्रोमची खिडकी ओढून बारीक केली की पहिलं तपासून होतं, दुसरं अजिबात नाही.

मराठी साइटला यात जादा भोग आहेत. साइटने स्वतःचा फॉन्ट दिला नाही तर विंडोज निर्मला किंवा मंगल वापरतं, ॲपल कोहिनूर, अँड्रॉइड नोटो. प्रत्येकाची रुंदी वेगळी, उंची वेगळी. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात 'चौकशी पाठवा' एका फोनवर नीट बसतं, दुसऱ्यावर दोन ओळींत तुटतं, तिसऱ्यावर वरची मात्रा कापली जाते. उपाय म्हणजे मुक्तासारखा एक देवनागरी वेबफॉन्ट, म्हणजे साइटसोबतच येणारा फॉन्ट, ठरवून द्यायचा आणि ओळींमधलं अंतर सढळ ठेवायचं. डिझाइनरला अक्षरांमधलं अंतर वाढवायची हौस असते, तीही आवरायला सांगा. त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. अर्थात हे तुकडे सगळ्या ब्राउझरमध्ये सारखेच दिसतात, म्हणजे माझी वरची खूण इथे लागू पडत नाही, तेवढा अपवाद धरा.

ही दोन्ही दुखणी एकाच जागी येतात ती जुन्या फॉन्टच्या साइटवर. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठवलेला असतो, फॉन्ट सोबत असेल तरच मराठी दिसतो. पूर्वी अशा साइट इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालायच्या, कारण फॉन्ट पानासोबत पाठवायची मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत तेवढाच ब्राउझर ओळखायचा. बाकीच्यांत किडे-मुंग्या. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररच बंद केला. पण प्रेसमधून आलेलं पत्रक पेजमेकर या छपाईच्या सॉफ्टवेअरमधून उचलून थेट साइटवर चिकटवायची सवय काही गेली नाही. फॉन्ट जोडून ते दिसतं करता येईलही, पण पैठणच्या दुकानाच्या पानावर 'पैठणी' दिसत असूनही आत तो शब्दच नसेल तर गुगलला तो सापडणार कसा? फोटोत लिहिलेल्या मराठीचंही जवळपास हेच. इथे डेव्हलपर एकटा पुरत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो आणि मग डोळ्यात तेल घालून वाचावा लागतो, कारण बदलणारं सॉफ्टवेअर जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकवतं. वाचायचा कंटाळा येणार असेल तर सरळ पुन्हा टाइप करून घ्या, वेळ सारखाच लागतो.

काम देतानाही दोन्ही वेगळी द्यावीत. वार्षिक देखभालीच्या कोटेशनमध्ये 'अपडेशन' असा एकच शब्द असला तर सही करू नका. मजकुराची ओळ वेगळी हवी. रेट, फोन, पत्ता, फोटो आपल्याला स्वतः बदलता येतील अशी सोय आहे का, हे विचारा. वर्डप्रेससारख्या, कोड न लिहिता मजकूर बदलू देणाऱ्या व्यवस्थेत हे काम दुकानातला मुलगाही शिकतो, एका रेटसाठी डेव्हलपरची वाट बघायला नको. तपासणीची ओळ वेगळी हवी, आणि तिच्यात ब्राउझरची नावं लिहिलेली हवीत: अँड्रॉइडवर क्रोम, आयफोनवर सफारी, कॉम्प्युटरवर क्रोम, एज आणि फायरफॉक्स. 'सगळ्या ब्राउझरमध्ये चालेल' या वाक्याला काही अर्थ नाही, दहा वर्षं जुन्या फोनवर कुणाचीच नवी साइट धड चालत नाही. साइटवर कोण कुठून येतं ते मोजणारं गुगल ॲनालिटिक्स लावलेलं असेल तर ब्राउझरनिहाय आकडे काढायला सांगा. सफारीतून लोक भरपूर येतात पण चौकशी एकही येत नाही, असं दिसलं तर आयफोनवर काहीतरी अडलंय असं समजा.

आणि ही तपासणी साइट झाली त्या दिवशी एकदा करून भागत नाही, ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलत असतात. दर तीन महिन्यांनी घरातल्या, शेजारच्या, मेहुण्याच्या फोनवर साइट उघडा आणि चौकशीचा फॉर्म शेवटपर्यंत भरून पाठवा, नुसतं पहिलं पान बघून सोडू नका. नावाच्या जागी 'टेस्ट' लिहा आणि नंबर स्वतःचा टाका, नाहीतर ऑफिसातली पोरं नवीन पार्टी आली म्हणून मेहुण्यालाच फोन लावत बसतील.