वेग आणि गुप्तता : टर्मिनलवरचा जुना हिशेब

संगणकाचे हार्डवेअर जुळवून घेणाऱ्या कमांड आणि नेटवर्कवरची जोडणी कूटबद्ध करणाऱ्या कमांड आज आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. त्यांचा इतिहास मात्र एकाच टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या साधनावर, घडला आहे, आणि दोन्हीकडे वाद प्रामुख्याने एकच होता : प्रोसेसरचा वेळ कशावर खर्च करायचा.

सुरुवात यंत्राकडून झाली. लिनक्सचा आदर्श असलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीचे पहिले वापरकर्ते एएसआर-३३ सारख्या टेलिटाइपवर काम करत, जो सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे. त्याची गती आणि इतर बारकावे सांगण्यासाठी ‘एसटीटीवाय’ ही कमांड होती, आणि ती आजही प्रत्येक लिनक्सवर आहे. पुढे मोडेमच्या काळात ‘सेटसीरियल’ आले. जुने प्रोग्रॅम मोडेम जोडण्याच्या सीरियल पोर्टकडे सेकंदाला ३८,४०० बिटांपेक्षा अधिक गती मागू शकत नसत, तेव्हा त्यांनी ३८,४०० मागितले तरी प्रत्यक्षात १,१५,२०० द्यावे, अशी सोय या कमांडमध्ये करून ठेवलेली होती. प्रोग्रॅमला न कळवता यंत्राला परस्पर पळवण्याचा हा मार्ग फारसा शिष्टसंमत नसला तरी त्याने काम भागत असे.

यापेक्षा गाजली ती मार्क लॉर्ड यांची ‘एचडीपार्म’. काही कंट्रोलर आणि डिस्क यांचे आपसात जमत नसे व त्यातून माहिती बिघडण्याचा धोका असे, म्हणून १९९० च्या दशकातील लिनक्स बऱ्याच यंत्रांवर हार्ड डिस्कचे डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट मेमरीत नेण्याची सोय, बंदच ठेवत असे. डीएमए बंद असले की डिस्कवरून मेमरीत येणारा मजकूर प्रोसेसरला स्वतः वाहून आणावा लागे, आणि मोठी फाइल कॉपी होत असताना बाकीचे काम रखडे. ‘एचडीपार्म’ने ते सुरू करता येई, पण जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची. या कमांडच्या माहितीपत्रकात काही पर्यायांपुढे ‘धोकादायक’ असा इशारा आहे. काहींना तर ‘मी काय करतो आहे हे मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचा लांबलचक पर्याय स्वतःच्या हाताने टाइप केल्याशिवाय दाद मिळत नाही. सॉफ्टवेअरने लिहून घेतलेले इतके प्रामाणिक हमीपत्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याच सुमारास नेटवर्कवर मात्र सगळा उघडा कारभार होता. दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याचे टेलनेट आणि बर्कली विद्यापीठाचे ‘आरलॉगिन’ हे प्रोग्रॅम पासवर्ड जसाच्या तसा तारेवर पाठवत. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून वाचणारा प्रोग्रॅम सापडला, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी हेच लॉगिन कूटबद्ध जोडणीवरून करू देणारे ‘एसएसएच’ लिहिले आणि जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुले केले. नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा क्रमांक असतो; फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ क्रमांकाचा पोर्ट त्यांनी मागून घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या भारतीय शहरांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केले. त्यातले स्वस्त ‘शेल’ खाते घेणाऱ्यांपुढेही चित्रे नव्हे, तर टर्मिनलवरची अक्षरेच येत.

एसएसएचच्या पुढील आवृत्त्यांचा परवाना आवळत गेला. तेव्हा ब्योर्न ग्रोनवाल यांनी १.२.१२ ही जुनी, मोकळी आवृत्ती उचलली आणि तिच्यावरून ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या चमूने ओपनएसएसएच तयार केले, जे डिसेंबर १९९९ मध्ये बाहेर पडले. ओपनबीएसडी कॅनडातून चालत असे, ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरली, कारण अमेरिकेत बळकट एन्क्रिप्शनच्या (कूटबद्ध करण्याच्या तंत्राच्या) निर्यातीवर कडक बंधने होती आणि ती जानेवारी २००० मध्ये बरीच सैल झाली. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रचलित सॉफ्टवेअरचा पूर्वज असलेले ‘एसएसएलइए’ही अमेरिकेबाहेर, ऑस्ट्रेलियात, एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या हातून घडले होते.

दोन धारा खऱ्या अर्थाने एकत्र येतात त्या इथून पुढे. ट्रिपल-डीईएस हे जुने एन्क्रिप्शन मुळात चिपसाठी आखलेल्या पद्धतीची तीन आवर्तने करत असल्याने साध्या प्रोसेसरवर फार संथ चाले. त्यामुळे मोठ्या फाइली हलवणारे लोक एसएसएचला ‘-सी’ पर्याय देऊन ब्लोफिश किंवा आर्कफोर या वेगवान पद्धती निवडत. डीएमए सुरू करण्यासारखेच हे ट्यूनिंग होते, फरक इतकाच की इथे पणाला लागत असे ती सुरक्षितता. पुढे आर्कफोरमधील दोष उघड होत गेले, आणि २०१७ च्या ओपनएसएसएच ७.६ मध्ये दोन्ही पद्धती काढून टाकण्यात आल्या.

तोवर त्या तडजोडीची गरजही ओसरली होती. २००१ मध्ये अमेरिकी प्रमाण ठरलेल्या एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच खास सूचना दिल्या. आपल्या यंत्रात त्या आहेत का, हे लिनक्सच्या ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ या फाइलमधील ‘एईएस’ या खुणेवरून कळते, आणि ‘ओपनएसएसएल स्पीड’ चालवले की सेकंदाला किती बाइट कूटबद्ध होतात याचा तक्ता समोर येतो. ज्या स्वस्त चिपमध्ये या सूचना नसतात तिथे डॅनियल बर्नस्टाइन यांचे चाचा२० हे एन्क्रिप्शन उपयोगी पडते, कारण त्याला बेरीज, एक्सॉर आणि बिट फिरवणे एवढ्याच साध्या क्रिया लागतात. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ सोबत आलेल्या जेसन डोनेनफेल्ड यांच्या वायरगार्ड या व्हीपीएनने (दोन यंत्रांमधली कूटबद्ध वाट) हीच एक पद्धत पक्की केली. त्याच्या ‘डब्ल्यूजी’ कमांडला चाव्या, पत्ते आणि पोर्ट सांगता येतात. वेगासाठी हलके एन्क्रिप्शन निवडण्याचा पर्याय तिच्यात ठेवलेलाच नाही.