बेघर तरुणांचे मानसिक आरोग्य व शासकीय साहाय्य (महाराष्ट्र)

कुटुंबाचा आधार तुटून रस्त्यावर, रेल्वे फलाटावर किंवा रात्र निवाऱ्यात राहणाऱ्या, साधारण १८ ते २५ वयाच्या व्यक्तींना मिळणारे मानसिक उपचार आणि सरकारी मदत. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) आणि द्विध्रुवीय विकार (बायपोलर) बहुधा याच वयात सुरू होतात. बालगृहाचे छत्रही १८ व्या वर्षीच जाते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये बालगृह सोडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत चालते. ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी दरमहा ४,००० रुपये देता येतात. मात्र लहानपणीच घर सोडून स्टेशनवर वाढलेल्या, बालगृहात कधी नोंदच न झालेल्या मुलाला यातले काहीच मिळत नाही. सर्वांत मोठी गळती इथेच होते.

उपचारांचा हक्क मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ देतो. बेघर व निराधार व्यक्तीला सरकारी संस्थांमध्ये उपचार विनामूल्य आहेत, दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरीही. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळल्यास कलम १०० नुसार पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. कोठडीत ठेवता येत नाही, आणि हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम १९ नुसार केवळ घर नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. दुसरीकडे भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ अजून लागू आहे. त्यामुळे आजारी तरुण रुग्णालयाऐवजी भिक्षेकरी गृहात पोहोचण्याचा धोका राहतो.

पैशाच्या मदतीची वाट दाखल्यांवर अडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील मदत २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली; पण तिच्यासाठी राज्यातील किमान १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मानसिक आजाराच्या आधारे अर्ज करायचा तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी निवाऱ्याच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र जोडून आधार, मग बँक खाते, मग रुग्णालयातील तपासणी, आणि शेवटी तहसील कार्यालयात अर्ज. उपचारांचे कागद पहिल्या भेटीपासून जपले नाहीत, तर आजार किती काळचा आहे हे दाखवणे अवघड जाते. कागद पावसात भिजतात, चोरीला जातात. त्यांच्या प्रती निवाऱ्यात ठेवणे हाच खरा उपाय.

शहरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेचा निकष एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा असा होता. जागेचा संबंध थेट औषधांशी येतो. गुंगी आणणारी गोळी घेऊन फुटपाथवर गाढ झोपणे म्हणजे चोरीला आणि, मुलींच्या बाबतीत, अत्याचाराला वाव देणे. म्हणून अनेक जण ती घेतच नाहीत, आणि डॉक्टरांच्या नोंदीत ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असे येते. ही नोंद अन्यायकारक आहे. लिथियम हे द्विध्रुवीय विकारावरचे औषध घेणाऱ्याला उन्हात पुरेसे पाणी मिळाले नाही, तर रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. काही रुग्णांसाठी दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे दीर्घप्रभावी इंजेक्शन सोयीचे असते, कारण त्यात गोळ्या सांभाळाव्या लागत नाहीत. सोल्युशन, व्हाइटनर हुंगण्याची सवय असेल तर तिचा उपचार सोबतच करावा लागतो. ‘आधी नशा सोड, मग ये’ म्हटले की माणूस परत येत नाही.

ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे; तिचा उपयोग रुग्णापेक्षा निवाऱ्यातील कर्मचाऱ्यांना अधिक होतो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने उभे केले. २०१८ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पाठवताना औषधाचे नाव, मात्रा आणि जवळचे जिल्हा रुग्णालय कुटुंबाला लिहून द्यावे लागते. औषध थांबले तर आजार उलटतो आणि तरुण पुन्हा घराबाहेर पडतो.