पीपीटी वर्गात आली कशी, आणि 'डिजिटल शाळा' या शब्दाचा घोळ

पॉवरपॉइंट, म्हणजे आपली पीपीटी बनवायचं सॉफ्टवेअर, वर्गासाठी बनलंच नव्हतं. १९८७ मध्ये ते मॅकिंटॉशवर आलं, कृष्णधवल, आणि काम काय तर ऑफिसच्या मीटिंगसाठी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट तयार करून देणं. विंडोजवर यायला १९९० उजाडलं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी बघत बसायचं, हे त्याच्या रक्तातच आहे.

आपल्याकडे ते पोचलं एमएस-सीआयटी या सरकारमान्य कॉम्प्युटर कोर्समधून. वेतनवाढ अडकू नये म्हणून सर-मॅडमनी कोर्स केला, अक्षरं गरगर फिरवत आणायला शिकले आणि विसरले, कारण शाळेत प्रोजेक्टर होता कुठे, असला तरी लोडशेडिंग. वरून मराठी फॉन्टचा ताप. घरी केलेली फाइल शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली की 'प्रकाशसंश्लेषण'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दाखवणारी पद्धत, रुळेपर्यंत हे असंच चाललं.

खरा वाद 'डिजिटल शाळा' या शब्दाचा. जून २०१५ मध्ये राज्यात प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले, लोकांनी मनापासून पैसे दिले हे मान्यच. पण शाळा डिजिटल झाली असं म्हणायचं कधी? वस्तू आली तेव्हा, की तिनं शिकवणं बदललं तेव्हा? मोजायला सोपी वस्तू, म्हणून वस्तूच मोजली गेली असं माझं मत आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत प्रोजेक्टर हेडसरांच्या कपाटात, चावी त्यांच्या खिशात, काऊन तर चोरी जाईल म्हणून, आणि दारावर मात्र 'डिजिटल शाळा' असा रंगवलेला बोर्ड. दुसरीकडे एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे एकच स्लाइड, नागपूरचा नकाशा, त्यातली नाग नदी मुद्दाम पुसलेली. चित्र पांढऱ्या बोर्डवर पाडायचं आणि नदी पोरांनी मार्करनं काढायची. एकानं अंबाझरी तलावातून निघालेली नदी थेट फुटाळा तलावात नेली, मग अख्खा वर्ग उठून भांडला बापा, शेवटी कन्हान नदीला पोचवेपर्यंत तास संपला. यातली डिजिटल शाळा कोणती, कागदावर तर पहिलीच!

मग मार्च २०२०, कोरोना आला, शाळा बंद. विदर्भात एरवी जूनच्या शेवटी शाळा उघडतात, त्या वर्षी मोबाइल उघडले. सगळ्यांनी स्लाइड बनवल्या, स्क्रीन शेअर केली, कॅमेरे बंद, पलीकडे पोरगं आहे की नुसता फोन चार्जिंगला लावलाय ते कळायला मार्ग नाही. तेव्हापासून 'पीपीटी'चा अर्थच फिरला. आता पीपीटी म्हणजे नोट्स. तास सुरू व्हायच्या आधीच मेसेज पडतो, "मॅडम, पीपीटी ग्रुपवर टाका ना." फाइल बरेचदा पीडीएफ असते.