सेंद्रिय शेती : मार्गदर्शक तत्त्वे

संश्लेषित खते, कीडनाशके व तणनाशके वर्ज्य करून जमिनीतील सजीवसृष्टीच्या आधारे पिके व जनावरे सांभाळण्याच्या पद्धतीमागील सूत्रे. त्यांची आज सर्वाधिक मान्य मांडणी आयफोम या सेंद्रिय शेती चळवळींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची (स्थापना व्हर्साय, १९७२) आहे. आरोग्य, परिस्थितिकी (सजीव व परिसर यांचे परस्परसंबंध), न्याय व दक्षता ही ती चार तत्त्वे २००५ मध्ये अ‍ॅडलेड येथील सभेत स्वीकारली गेली.

मराठीत ‘सेंद्रिय’ म्हणजे कुजलेल्या पदार्थांपासूनचे, हा अर्थ ‘सेंद्रिय खत’ या शब्दामुळे रूढ झाला. त्यामुळे युरियाऐवजी शेणखत घातले की शेती सेंद्रिय झाली, असा समज पसरला. ‘ऑरगॅनिक’ या मूळ इंग्रजी संज्ञेमागील कल्पना वेगळी आहे. ब्रिटिश लेखक लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० मध्ये ती शेतीला लावली, तेव्हा शेत हेच परस्परावलंबी अवयवांचा एक सजीव देह आहे, असे त्यांना म्हणायचे होते. स + इंद्रिय, म्हणजे अवयवांनी युक्त, ही मराठी शब्दाची व्युत्पत्ती या अर्थाला नेमकी जुळते. शासकीय व्यवहारात ‘जैविक शेती’ असेही म्हणतात. परंतु रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर यांसारख्या जिवाणूखतांना ‘जैविक खते’ म्हणण्याची रीत असल्याने तो शब्द संदिग्ध ठरतो.

तत्त्वांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत त्यांचा आरंभ ऑस्ट्रियन विचारवंत रूडॉल्फ श्टाइनर यांच्या जून १९२४ मधील कोबेरविट्स (तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये) येथील व्याख्यानांत पाहते. दुसरे मत तो भारतीय कृषिग्रंथांपर्यंत मागे नेते. कृषिपराशर व सुरपालाचा वृक्षायुर्वेद यांत खतांचा तपशीलवार विचार आहे खरा. मात्र पहिल्याच्या काळाबद्दल अभ्यासकांच्या मतांत अनेक शतकांचे अंतर असून दुसरा साधारणपणे इ. स. १००० च्या सुमाराचा मानतात. शिवाय संश्लेषित नत्रखत (नायट्रोजनयुक्त खत) अस्तित्वात नसताना ते नाकारण्याचे तत्त्व मांडले जाणे संभवत नाही. वायुरूप नत्रापासून अमोनियाचे औद्योगिक उत्पादन १९१३ मध्ये जर्मनीत सुरू झाले. सेंद्रिय विचार त्यानंतरचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिसरा धागा इंदूरचा असून तत्त्वांच्या दृष्टीने तोच सर्वांत भरीव आहे. १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे काम केलेले ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. तेथे विकसित झालेल्या कंपोस्ट पद्धतीवरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड यांचे नाव पुढील लेखनात फारसे येत नाही, ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे. या पद्धतीत पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांचे उथळ खड्ड्यात थर देतात. हवा खेळती राहावी म्हणून ते तीनदा उलथतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत द्यावे, हा ‘परतफेडीचा नियम’ हॉवर्ड यांनी चिनी व भारतीय शेतकऱ्यांच्या व्यवहारावर आधारला.

हा नियम काटेकोर पाळणे मात्र अवघड आहे. विकलेल्या धान्याबरोबर अन्नद्रव्ये शेताबाहेर जातात. नत्राची तूट तूर, हरभरा यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी काही अंशी भरून काढतात. स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) यांना हवेतून वाट नाही. हॉवर्ड शहरांतील मलमूत्रही शेतात परतावे या मताचे होते. आज अमेरिका व युरोपीय संघाची प्रमाणके सांडपाण्याचा गाळ वर्ज्य मानतात. जड धातूंची भीती रास्त असली, तरी परतफेडीचे चक्र तेथे तुटते. म्हणून खडक स्फुरदासारखी खनिजे बाहेरून आणण्यास मुभा ठेवावी लागते.

चार तत्त्वांपैकी परिस्थितिकीचे तत्त्व पिकांची फेरपालट, मिश्रपीक व आच्छादन यांतून, तर दक्षतेचे तत्त्व जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांवरील बंदीतून नियमांत उतरले. न्यायाचे तत्त्व मजुरी व भाव यांविषयी असून ते प्रमाणनाच्या (सेंद्रिय असल्याचा दाखला देण्याच्या) निकषांत सर्वांत कमी उतरले आहे.

भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान २ वर्षे व बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी ३ वर्षे रूपांतरकाळ (रासायनिक शेतीकडून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा काळ) लागतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या तुलनात्मक प्रयोगाच्या २१ वर्षांच्या निष्कर्षांत सेंद्रिय पिकांचे उत्पादन सुमारे २० टक्के कमी, पण जमिनीतील सजीवसृष्टी अधिक समृद्ध आढळली.

महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी मांडलेली नैसर्गिक शेती स्वतःला सेंद्रिय शेतीपासून वेगळी मानते. तिच्या मते, जीवामृतातील शेण हे पिकाचे अन्न नसून जमिनीतील जिवाणूंचे विरजण आहे. २०० लिटर पाण्यात सुमारे १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व बांधावरची मूठभर माती आंबवून ते करतात. जमिनीत पाणी व हवा दोन्ही टिकवणारा वाफसा हा या पद्धतीचा एक आधारस्तंभ आहे.